मेंदूतला टॉक्सोप्लाझ्मा: प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णात ओळख, उपचार आणि पहिले चौदा दिवस

एचआयव्हीचा रुग्ण, सीडी४ (रक्तातल्या संरक्षक टी-पेशींची संख्या) शंभराच्या खाली, आणि आठवड्याभरात एक हात किंवा पाय ढिला पडलेला. या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की पहिलं नाव टॉक्सोप्लाझ्माचं आठवायला हवं. पण बऱ्याचदा होतं ते वेगळंच. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून मालिश चालू होतं, ‘बाहेरचं झालंय’ म्हणून देवऋषी गाठला जातो, नाहीतर साधा पक्षाघात समजून रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर दहा-बारा दिवस जातात. हळहळ वाटते ती यासाठी की हा आजार बरा होतो, आणि त्याचं औषध जुनं, स्वस्त आणि तालुक्याच्या दुकानातही मिळणारं आहे.

हा लेख फॅमिली डॉक्टर, निवासी डॉक्टर, एआरटी (एचआयव्हीविरोधी औषधोपचार) केंद्रावरच्या परिचारिका आणि समुपदेशक यांच्यासाठी आहे, तसाच ज्यांच्या घरात असा रुग्ण आहे त्यांच्यासाठीही. औषधांच्या मात्रा मुद्दाम स्पष्ट लिहिल्या आहेत, पण त्या केसपेपर वाचता यावा आणि डॉक्टरांना नेमके प्रश्न विचारता यावेत म्हणून. घरच्या घरी गोळ्या सुरू करण्यासाठी नाहीत.

जंतू नवा नसतो, जागा झालेला असतो

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी. १९०८ साली ट्युनिसमध्ये निकोल आणि मान्सो यांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात सापडला. त्याचं मूळ घर म्हणजे मांजराचं आतडं. मांजराच्या विष्ठेतून अंडकोष मातीत, पाण्यात, भाजीवर येतात. बकरी, डुक्कर यांच्या स्नायूंत त्याच्या गाठी बसतात आणि कच्चट मांसातून त्या माणसात येतात. निरोगी माणसाला तेव्हा काही जाणवतही नाही. फार तर चार दिवस कणकण आणि मानेला गाठी. त्यानंतर हा जंतू मेंदूत, स्नायूंत, डोळ्यात सूक्ष्म गाठी करून आयुष्यभर निपचित पडून राहतो. त्याच्यावर पहारा असतो तो टी-पेशींचा.

पहारा उठला की गाठी फुटतात. एचआयव्हीत सीडी४ दोनशेच्या वर असताना हे क्वचितच घडतं, शंभराखाली धोका खरा असतो आणि पन्नासच्या खाली सर्वांत जास्त. बोन मॅरो प्रत्यारोपण झालेले, हृदय प्रत्यारोपण झालेले, लिम्फोमाचे (लसिका पेशींच्या कर्करोगाचे) रुग्ण, दीर्घकाळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड किंवा रिटुक्सिमॅबसारखी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं घेणारे यांनाही हे होऊ शकतं.

आजार जुन्या संसर्गातून उठलेला असतो, हे लक्षात ठेवलं की पुढच्या दोन गोष्टी आपोआप कळतात. एक म्हणजे रक्तात आयजीजी (जुन्या संसर्गाची प्रतिपिंडं) सापडते, आयजीएम (ताज्या संसर्गाची प्रतिपिंडं) बहुधा सापडत नाही. ‘आयजीएम निगेटिव्ह, म्हणजे टॉक्सो नाही’ असा शेरा कुठे दिसला तर तो बाजूला ठेवावा. दुसरी गोष्ट घरच्यांसाठी: रुग्णाजवळ बसल्याने, त्याचं जेवणाचं ताट धुतल्याने हा आजार कुणाला लागत नाही. भांडी वेगळी काढण्याचं कारण नाही.

लक्षणं ऐकताना आणि तपासताना

डोकेदुखी, ताप, गोंधळलेपण आणि शरीराच्या एका बाजूची कमजोरी ही नेहमीची चौकडी. पण चारही एकदम असतीलच असं नाही. तापाशिवाय येणारे रुग्ण भरपूर असतात. काहींचं पहिलं लक्षण म्हणजे आकडी. काहींचा एक हात आपोआप उसळतो, भिरभिरतो आणि थांबवता येत नाही. हे मेंदूच्या खोल भागातल्या गाठीमुळे होतं. एचआयव्हीच्या रुग्णात असं दिसलं तर टॉक्सोचा संशय बळकट धरावा.

गतीकडे नीट लक्ष द्या. पक्षाघात क्षणात येतो: रात्री बरा झोपला, सकाळी उठताच पडला. टॉक्सो काही दिवसांत किंवा दोन-तीन आठवड्यांत चढत जातो. म्हणून नातेवाइकांना ‘कधीपासून’ एवढंच विचारून थांबू नये. आधी काय बिघडलं, ते विचारावं. शर्टाची बटणं लावायला वेळ लागू लागला होता का, चहाचा कप हातातून निसटला होता का, चालताना एकाच पायातली चप्पल मागे राहत होती का, मोबाइलवर नंबर लावताना चुकत होता का, ओळखीच्या गल्लीत वाट चुकला का. ‘स्वभाव बदललाय, भ्रमिष्टासारखं बोलतो’ हे वाक्य मानसिक ताणाच्या खात्यात टाकण्याआधी स्कॅन हवा.

सौम्य कमजोरी पकडायला यंत्र लागत नाही. रुग्णाला दोन्ही हात समोर सरळ धरायला सांगा, तळवे वर, डोळे बंद. दहापर्यंत सावकाश मोजा. कमजोर बाजूचा हात हळूहळू खाली येतो आणि तळवा आतल्या बाजूला वळू लागतो. रुग्ण मात्र ‘दोन्ही हात सारखेच आहेत’ असं सांगत असतो. मग टाचांवर चालायला सांगा. कमजोर पायाचा पंजा वर राहत नाही. ही दोन मिनिटांची तपासणी बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत सर्वाधिक गाळली जाते. असं होऊ नये.

आकडी आली असेल तर रुग्णाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका, कांदा-चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नका आणि घड्याळ बघा. पाच मिनिटांवर गेली किंवा एकामागून एक येऊ लागली तर १०८ ला फोन करा.

पहिल्या दिवशी काय काय पाठवायचं

रक्तातली साखर आधी. कमी साखरेने एक बाजू ढिली पडू शकते आणि ग्लुकोजने ती पुन्हा चालू होते. त्यानंतर एचआयव्ही तपासणी, ती आधी झालेली नसेल तर. आपल्याला एचआयव्ही आहे हे अनेकांना या आजारामुळेच पहिल्यांदा कळतं. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार समजावून सांगून संमती घेणं आणि निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. वॉर्डात पलंगावर पाटी लावणं, नातेवाइकांच्या घोळक्यात निकाल जाहीर करणं हे चालणार नाही.

बाकीची यादी अशी: सीडी४, हिमोग्राम, क्रिएटिनिन, पोटॅशियम, लिव्हरच्या तपासण्या, टॉक्सोप्लाझ्मा आयजीजी, रक्तातलं क्रिप्टोकॉकल अँटिजेन (क्रिप्टोकॉकस या बुरशीसाठी), व्हीडीआरएल (सिफिलिससाठी), हिपॅटायटिस बी, छातीचा एक्स-रे आणि बेडका येत असेल तर सीबीनॅट (क्षयाची जनुकीय तपासणी). सोय असेल तर जी६पीडी. सल्फा आणि डॅप्सोन ही औषधं त्या एन्झाइमच्या कमतरतेत रक्तपेशी फोडू शकतात.

आयजीजीचा अर्थ नीट लावावा लागतो. पॉझिटिव्ह आली तर इतकंच कळतं की जंतू कधीतरी शरीरात आला होता. आपल्या देशात निरोगी लोकांतही साधारण पाचात एकाच्या रक्तात ती सापडते, पश्चिमेकडच्या राज्यांत कमी, दक्षिणेत जास्त. निगेटिव्ह आली तर माहिती जास्त मोलाची. टॉक्सो असलेल्या एचआयव्ही रुग्णांपैकी ९५ टक्क्यांहून अधिक आयजीजी-पॉझिटिव्ह असतात, म्हणून निगेटिव्ह निकालावर क्षयाची गाठ, लिम्फोमा, बुरशी यांच्याकडे मोर्चा वळवावा. पूर्ण नकार मात्र तिच्यावरही देता येत नाही.

एक गोष्ट पक्की: नमुने गेले की उपचार सुरू. निकालासाठी थांबायचं नाही.

स्कॅन

कॉन्ट्रास्टशिवाय काढलेल्या सीटीत नुसती सूज दिसते आणि ‘जुना इन्फार्क्ट’ (रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग) असा रिपोर्ट येऊ शकतो. शक्य असेल तिथे कॉन्ट्रास्टसह एमआरआय करावा. रात्रीची वेळ, एमआरआय ऐंशी किलोमीटरवर, अशी स्थिती असेल तर कॉन्ट्रास्ट सीटी काढून औषध चालू करावं. एमआरआय दुसऱ्या दिवशी केला तरी चालतो.

नेहमीचं चित्र म्हणजे एकापेक्षा जास्त गाठी, कॉन्ट्रास्टने बांगडीसारखं उजळलेलं कडं, भोवती सूज. जागा बहुधा बेसल गँग्लिया (मेंदूच्या खोलातले पेशीसमूह), किंवा करडा आणि पांढरा भाग जिथे मिळतात ती रेषा. कधी कड्याच्या आतल्या भिंतीला चिकटून एक छोटा उजळ ठिपका असतो. तो दिसला तर टॉक्सोच्या बाजूने मोठं वजन पडतं, पण तो बऱ्याच जणांत नसतो. एमआरआयमध्येही एकच गाठ असेल तर लिम्फोमाची शक्यता वाढते. आणि सीडी४ अगदीच तळाला असेल तर कडं फिकट किंवा नाहीसं असू शकतं, कारण कडं उमटायलाही थोडीफार प्रतिकारशक्ती लागते. ‘रिंग नाही, म्हणून टॉक्सो नाही’ हा तर्क अशा रुग्णात फसतो.

आणि क्षय?

पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात टॉक्सोचा पहिला स्पर्धक लिम्फोमा असतो. महाराष्ट्रात तो मान क्षयाचा. इथे एचआयव्हीच्या रुग्णाच्या मेंदूत कडं दिसलं की अर्धे डॉक्टर टॉक्सो म्हणतात, अर्धे टीबी, आणि दोघांचीही बाजू खोटी नसते. कधी एकाच डोक्यात दोन्ही सापडतात.

क्षयाच्या बाजूने झुकवणाऱ्या गोष्टी: मेंदूच्या तळाशी आवरणं उजळलेली, मेंदूत पाणी साठलेलं, मान ताठ, छातीच्या एक्स-रेत डाग, मानेत किंवा पोटात मोठ्या गाठी, महिनोन्महिने वजन घटणं. गाठीचं केंद्र एमआरआयच्या टी-टू चित्रात काळसर दिसलं तर घट्ट चीजसारखा क्षयाचा गाभा असण्याची शक्यता. एमआर स्पेक्ट्रोस्कोपीत चरबीचं शिखर दिसलं की काही रिपोर्टांत ‘ट्युबरक्युलोमा’ (क्षयाची गाठ) असं ठासून लिहिलेलं असतं. टॉक्सोतही असं शिखर येऊ शकतं, त्यामुळे त्या एका ओळीवर नऊ-बारा महिन्यांचे उपचार ठरवू नयेत.

लिम्फोमा मेंदूतल्या पोकळ्यांच्या कडेला आणि दोन गोलार्धांना जोडणाऱ्या पुलावर बसतो, सीडी४ बहुधा पन्नासच्या खाली असतो, आणि मणक्यातल्या पाण्यात ईबीव्ही या विषाणूचा पीसीआर (जनुकीय तपासणी) पॉझिटिव्ह येतो. पीएमएल हा जेसी विषाणूचा आजार: पांढऱ्या भागात डाग, पण ना सूज, ना कडं, ना ताप, आणि चढही सावकाश. क्रिप्टोकॉकसमध्ये डोकेदुखी आणि वाढलेला दाब पुढे असतो. तिथे रक्तातलं अँटिजेन उत्तर देतं. पूच्या गाठीत डिफ्यूजन चित्रात मध्यभाग लख्ख पांढरा येतो आणि कानाचं, दाताचं किंवा सायनसचं मूळ सापडतं. न्यूरोसिस्टिसर्कोसिस (मेंदूतली फीतकृमीची अळी) आपल्याकडे निरोगी माणसातही आकडीचं मोठं कारण आहे. पातळ भिंतीच्या पुटकुळीत अळीच्या डोक्याचा ठिपका, शेजारी कॅल्शियमचे जुने दाणे, आणि रुग्ण एरवी ठणठणीत. तिथे अल्बेंडाझोल हे जंताचं औषध घाईने देऊ नये, सुजेची तयारी करूनच द्यावं.

इतकं सगळं तपासूनही शंका उरतेच. तेव्हा काय करायचं? मला वाटतं, रुग्ण शुद्धीत असेल, आवरणांच्या दाहाची लक्षणं नसतील आणि आयजीजी पॉझिटिव्ह असेल तर आधी फक्त टॉक्सोचं औषध द्यावं. टॉक्सो, टीबी आणि स्टेरॉइड तिन्ही एकदम सुरू केली की रुग्ण सुधारतो, पण कशाने सुधारला ते कधीच कळत नाही. मग टीबीच्या गोळ्या नाहक वर्षभर चालतात, लिव्हर बिघडतं, रिफाम्पिसिन या टीबीच्या गोळीमुळे एचआयव्हीच्या डोल्युटेग्राव्हिर या औषधाची मात्रा दुप्पट करावी लागते. उलट रुग्ण झपाट्याने बेशुद्धीकडे चालला असेल किंवा मान ताठ आणि पाणी साठलेलं असेल, तर एकेक औषध करून पाहणं परवडत नाही. दोन्ही उपचार त्याच दिवशी सुरू करावेत.

पाठीतलं पाणी

सुरक्षित असेल तरच. मोठी गाठ, मध्यरेषा सरकलेली, शुद्ध हरपत चाललेली अशा वेळी सुई घालू नये. घेतलंच तर टॉक्सो पीसीआर, ईबीव्ही पीसीआर, सीबीनॅट, क्रिप्टोकॉकल अँटिजेन, पेशी, प्रथिनं, साखर एकदमच पाठवावं. टॉक्सोचा पीसीआर पॉझिटिव्ह आला तर निदान जवळपास पक्कं. निगेटिव्ह आला तर काही सिद्ध होत नाही, कारण सुमारे निम्मे रुग्ण त्यातून निसटतात, आणि औषध चालू झाल्यावर तर ते प्रमाण आणखी वाढतं.

औषध: कोट्रायमॉक्साझोल आणि त्याचं गणित

जगभर आधीपासून मानाचं स्थान पायरिमेथामिन, सल्फाडायझिन आणि ल्युकोव्होरिन या त्रिकूटाला आहे. पायरिमेथामिन पहिल्या दिवशी २०० मिलिग्रॅम. पुढे वजन ६० किलोच्या खाली असेल तर रोज ५० मिलिग्रॅम आणि सल्फाडायझिन दर सहा तासांनी १ ग्रॅम. ६० किलो किंवा जास्त असेल तर ७५ मिलिग्रॅम आणि दर सहा तासांनी दीड ग्रॅम. सोबत ल्युकोव्होरिन रोज १० ते २५ मिलिग्रॅम, मज्जेचं रक्षण म्हणून. इथे ल्युकोव्होरिनच्या जागी साधी फॉलिक ॲसिडची गोळी देऊ नये. ती मज्जेला वाचवत नाही, उलट उपचारात खोडा घालू शकते.

अडचण अशी की सुटं सल्फाडायझिन आपल्याकडे सहज मिळत नाही. दुकानदार पुढे करतो ती मलेरियाची सल्फाडॉक्सिन-पायरिमेथामिनची जोडगोळी. नाव सारखं वाटलं तरी औषध तेच नाही, त्यातलं सल्फा शरीरात कित्येक दिवस रेंगाळतं आणि ॲलर्जी उठली तर लवकर बाहेर पडत नाही. ही अदलाबदल काउंटरवर होऊ देऊ नका. (अमेरिकेत याच पायरिमेथामिनची गोळी २०१५ साली एका कंपनीने साडेतेरा डॉलरवरून ७५० डॉलरवर नेली होती. औषध १९५०च्या दशकातलं!)

म्हणून आपल्याकडचा कामाचा घोडा कोट्रायमॉक्साझोल, म्हणजे ट्रायमेथोप्रिम आणि सल्फामेथॉक्साझोल यांची एकत्र गोळी. १९९८ साली इटलीत झालेल्या तुलनेत ७७ रुग्णांवर त्याचा परिणाम त्रिकूटाच्या तोडीचा दिसला आणि दुष्परिणाम कमी. अभ्यास लहान होता, पण त्यानंतरचा अनुभवही त्याच दिशेचा आहे.

मात्रा: ट्रायमेथोप्रिम ५ मिलिग्रॅम प्रतिकिलो, दिवसातून दोनदा. सल्फामेथॉक्साझोल त्याच्या पाचपट, ते गोळीत आपोआपच येतं. डबल स्ट्रेंग्थ म्हणजे डीएस गोळीत १६० आणि ८०० मिलिग्रॅम असतात. आता ४८ किलोचा रुग्ण घ्या. ४८ गुणिले ५ म्हणजे २४०, भागिले १६०, म्हणजे दीड गोळी सकाळी, दीड रात्री. ६४ किलोच्या रुग्णाला दोन-दोन. ‘डीएस रोज एक’ ही प्रतिबंधाची मात्रा आहे, उपचाराची नाही. केसपेपरवर टॉक्सोचं निदान आणि खाली रोज एक गोळी असं दिसलं तर त्याच दिवशी विचारावं.

गिळता येत नसेल तर गोळ्या कुटून, पाण्यात कालवून नाकातल्या नळीतून द्याव्यात. हे औषध आतड्यातून उत्तम शोषलं जातं, म्हणून शिरेतलं इंजेक्शन सगळीकडे मिळत नाही यावरून उपचार अडवून ठेवू नये. मिळालं तर ५ मिलिलिटरच्या ॲम्प्यूलमध्ये ८० मिलिग्रॅम ट्रायमेथोप्रिम असतं, म्हणजे ४८ किलोला एका वेळी तीन, ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये पुरेसं पातळ करून सावकाश. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर मात्रा कमी करावी लागते.

पहिल्या दोन आठवड्यांत अंगावर लाल पुरळ उठू शकतं, आणि एचआयव्हीत हे इतरांपेक्षा जास्त होतं. नुसतं पुरळ आणि खाज असेल तर ॲलर्जीच्या गोळीवर निभावून नेता येतं. तोंडात फोड, डोळे लाल, कातडी सोलवटणं, पुरळासोबत मोठा ताप यांपैकी काहीही दिसलं तर गोळी तिथेच बंद आणि रुग्णालय. सल्फा अजिबात चालत नसेल तर पायरिमेथामिनसोबत क्लिंडामायसिन ६०० मिलिग्रॅम दर सहा तासांनी, किंवा ॲटोव्हाक्वोन १५०० मिलिग्रॅम दोनदा, जेवणासोबत. हिमोग्राम, क्रिएटिनिन आणि पोटॅशियम सुरुवातीला दर आठवड्याला बघावं. झिडोव्हुडिन हे एचआयव्हीचं औषध चालू असेल तर रक्त अधिकच घसरतं, ते बदलता येईल का ते पाहावं. क्रिएटिनिन किंचित वाढलं म्हणून घाबरून औषध तोडू नये. ट्रायमेथोप्रिम आणि डोल्युटेग्राव्हिर दोन्ही किडनीला इजा न करताही तो आकडा थोडा वर नेतात. पोटॅशियम वाढलं तर मात्र ते गंभीरच घ्यावं.

चौदा दिवस

टॉक्सोत उपचार हीच मोठी तपासणी असते. ज्यांना औषध लागू पडतं त्यांच्यातले बहुतेक पहिल्या आठवड्यातच सुधारू लागतात, आणि चौदाव्या दिवसापर्यंत दहातले नऊ. म्हणून औषध सुरू करण्याआधीची स्थिती कागदावर असली पाहिजे. ‘रुग्ण बरा वाटतो’ ही नोंद निरुपयोगी. रोज एकाच वेळी चार गोष्टी लिहाव्यात: नाव, ठिकाण, वार सांगतो का, पसरलेला हात किती वेळ वर राहतो, आधाराशिवाय किती पावलं चालतो, डोकेदुखी दहापैकी किती. हे नातेवाईकही वहीत लिहू शकतात, आणि राउंडला डॉक्टरांसमोर ती वही उघडली की बोलणं लगेच मुद्द्यावर येतं. त्याच पानावर हाताने ‘सही कर’ म्हणून रोज सही घ्यावी. हात कमजोर झालेल्या बाजूचा असेल तर दहा दिवसांच्या सह्या स्कॅनइतक्याच बोलतात.

दोन आठवड्यांनी स्कॅन पुन्हा. आधी सूज ओसरते, गाठी आक्रसायला जास्त वेळ लागतो. गाठ पूर्ण गेली नाही म्हणून उपचार फसला असं नाही. आयजीजी पुन्हा करून काही कळत नाही, तो खर्च वाचवा.

पहिल्या आठवड्यातच स्थिती बिघडत गेली, किंवा दहा ते चौदा दिवसांत काहीच हललं नाही, तर निदान चुकलं असं धरून चालावं. तेव्हा मेंदूच्या बायोप्सीसाठी न्यूरोसर्जन असलेल्या ठिकाणी पाठवायचं. ‘अजून आठवडाभर बघू’ इथे महागात पडतं. पण पाठवण्याआधी गोळ्या खरोखर दिल्या गेल्या का, नळीतून दिलेली मात्रा उलटीवाटे गेली का, मात्रा वजनाला धरून होती का, एवढं तपासा.

या सगळ्या हिशोबात घोटाळा करतं ते स्टेरॉइड. डेक्सामेथासोनने कोणतीही सूज उतरते, लिम्फोमाही तात्पुरता विरघळतो आणि पाचव्या दिवशी सगळे खूष होतात. मध्यरेषा सरकली असेल, दाब जिवावर बेतला असेल तर ते द्यावंच लागतं, पण शक्य तितक्या लवकर कमी करत बंद करावं आणि त्या काळातल्या सुधारणेचं श्रेय टॉक्सोच्या औषधाला देऊ नये. ज्याला अशी सूज नाही त्याला ‘खबरदारी म्हणून’ देऊ नये.

आकडीची आणि एचआयव्हीची औषधं

आकडी आलेलीच नसेल तर प्रतिबंधासाठी आकडीचं औषध लागत नाही. आली असेल तर लेव्हेटिरासिटाम सोयीचं. फेनिटॉइन, फिनोबार्बिटोन, कार्बामाझेपिन ही जुनी औषधं डोल्युटेग्राव्हिरची रक्तातली पातळी खाली आणतात. तातडीच्या विभागात फेनिटॉइनचं इंजेक्शन दिलं गेलं असेल तर त्या वेळेपुरतं ते ठीक, पण डिस्चार्ज कार्डावर तेच पुढे चालू राहिलं आणि एआरटी केंद्राला सांगितलंच नाही, तर विषाणू दबत नाही. दोन्हीकडची चिठ्ठी एकमेकांना दाखवावी.

एआरटी टॉक्सोचे उपचार सुरू झाल्यावर दोन ते तीन आठवड्यांत सुरू करतात. शासनाच्या केंद्रांवर टेनोफोव्हिर, लॅमिव्हुडिन, डोल्युटेग्राव्हिर ही एकत्र गोळी मोफत मिळते. क्षयाचा मेनिन्जायटिस किंवा क्रिप्टोकॉकस असेल तर मात्र घाई करायची नाही, चार ते आठ आठवडे थांबावं लागतं. जवळचं केंद्र माहीत नसेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं.

गोळी कमी कधी, बंद कधी

पूर्ण मात्रा किमान सहा आठवडे. गाठी मोठ्या किंवा सुधारणा अपुरी असेल तर आणखी. त्यानंतर मात्रा उतरवतात, साधारणपणे डीएस सकाळ-संध्याकाळ एक. रुग्ण घरी जातो, कामावर जाऊ लागतो आणि नेमक्या याच टप्प्यावर गोळ्या सुटतात. गाठींमधला जंतू या औषधांनी मरत नाही, फक्त वाढायचा थांबतो. पहारा परत उभा राहीपर्यंत गोळीच पहारा देते. एआरटीवर सीडी४ दोनशेच्या वर सहा महिने टिकला, लक्षणं नाहीत, विषाणू दबलेला, तर उपचारानंतरची ही मात्रा थांबवता येते. आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात कोट्रायमॉक्साझोल पूर्ण बंद करण्याचा उंबरठा जास्त सावध आहे: सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा ३५० च्या वर. एआरटी सुटून सीडी४ पुन्हा घसरला की गोळी पुन्हा चालू.

उरलेली कमजोरी व्यायामाने भरून येते, पण त्याला वॉर्डातच सुरुवात हवी. खांदा आखडला तर तो सोडवायला महिने लागतात.

एचआयव्ही नसलेले रुग्ण

बोन मॅरो प्रत्यारोपणानंतर धोका असतो तो रुग्ण स्वतः आधी आयजीजी-पॉझिटिव्ह असेल तर. बहुतेक प्रसंग पहिल्या सहा महिन्यांत येतात. हृदय प्रत्यारोपणात उलट: दाता पॉझिटिव्ह आणि रुग्ण निगेटिव्ह ही जोडी घातक. म्हणून दोघांचीही आयजीजी शस्त्रक्रियेआधी करून ठेवावी. नंतर प्रतिपिंडंच नीट बनत नसल्याने निगेटिव्ह निकालावर भिस्त ठेवता येत नाही, रक्ताचा पीसीआर जास्त उपयोगी. फुफ्फुसात गाठी असतील तर नोकार्डिया हा जीवाणू आणि ॲस्परजिलस ही बुरशीही लक्षात ठेवा. इथे बायोप्सीचा निर्णय चौदा दिवस न थांबता लवकर घेतात.

मोठ्या मात्रेत स्टेरॉइड सुरू होणार असेल तर स्ट्राँगिलॉइड्स या जंताचाही विचार व्हावा, विशेषतः शेतात अनवाणी काम करणाऱ्यांत. स्टेरॉइडखाली त्याच्या अळ्या आतड्यातून अंगभर फिरतात आणि सोबत आतड्यातले जीवाणू मेंदूच्या आवरणापर्यंत नेतात. उपाय आयव्हरमेक्टिन, आणि तो स्टेरॉइडच्या आधी केलेला बरा.

ज्यांना अजून झालेलं नाही त्यांच्यासाठी

एचआयव्हीचं निदान झालं की आयजीजी एकदा करून फाइलला लावावी. पॉझिटिव्ह आणि सीडी४ शंभराखाली असेल तर डीएस रोज एक. सल्फा चालत नसेल तर डॅप्सोन रोज ५० मिलिग्रॅम, सोबत आठवड्यातून एकदा पायरिमेथामिन आणि ल्युकोव्होरिन.

आयजीजी निगेटिव्ह असलेल्यांनी जंतू आत येऊच न देण्याची काळजी घ्यावी. मटण आतपर्यंत शिजलेलं, कुकरच्या शिट्ट्यांत ते होतंच. धोका असतो तो अर्धकच्च्या कबाबात आणि मांस कापल्यावर न धुतलेल्या सुरी-पाटात. कोशिंबिरीची भाजी वाहत्या पाण्यात धुवावी, बागकाम करताना हातमोजे घालावेत. मांजर घरातून घालवण्याची गरज नाही. मांजर साधारण आयुष्यात एकदाच, एक ते तीन आठवडे अंडकोष बाहेर टाकतं, आणि विष्ठेतले अंडकोष संसर्गक्षम व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून मांजराच्या विष्ठेच्या डब्यातली माती रोजच्या रोज बदलावी, आणि ते काम घरातल्या दुसऱ्या कुणीतरी करावं. कच्चं मटण मांजराला घालू नये.